गुन्ह्याची बातमी आणि गुन्ह्याचे चित्र

३ मार्च २०२५ रोजी सायंकाळी महाराष्ट्रातील घराघरांत दूरचित्रवाणीच्या पडद्यावर काही छायाचित्रे दिसू लागली. बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातील मस्साजोग या गावचे सरपंच संतोष देशमुख यांचे ९ डिसेंबर २०२४ रोजी अपहरण करून त्यांची हत्या करण्यात आली होती. मारहाण चालू असतानाच ही छायाचित्रे व चित्रफिती घेण्यात आल्या होत्या आणि राज्य गुन्हे अन्वेषण विभागाने न्यायालयात दाखल केलेल्या दोषारोपपत्राचा त्या भाग होत्या. रात्र पडेपर्यंत ती चित्रे समाजमाध्यमांतून राज्यभर पोहोचली. मृताच्या घरातही ती पोहोचली. दुसऱ्या दिवशी, ४ मार्चला, राज्याच्या अन्न व नागरी पुरवठा मंत्र्यांनी राजीनामा दिला आणि बीड जिल्ह्यात ठिकठिकाणी बंद पाळण्यात आला.

गुन्ह्याच्या भीषण तपशिलावर व चित्रांवर माध्यमांनी मर्यादा घालावी काय, हा प्रश्न जुनाच आहे. परंतु मस्साजोगच्या प्रकरणाने तो जितक्या अवघड स्वरूपात समोर आणला, तितका पूर्वी क्वचितच आला असेल. एक लोकनियुक्त सरपंच मारला गेला होता. तीन महिने सभा, मोर्चे, निवेदने चालू होती. जे शब्दांनी घडले नाही ते चित्रांनी एका रात्रीत घडविले, असे म्हणणारे अनेक जण आहेत आणि त्यांचे म्हणणे सहजासहजी उडवून लावता येण्याजोगे नाही. उलट बाजूस हेही खरे की, जो माणूस असहाय अवस्थेत मरत होता, त्याची ती अवस्था त्याच्या मारेकऱ्यांनी टिपली होती, आणि त्यांनीच टिपलेले ते दृश्य लक्षावधी लोकांनी पाहिले. त्या पाहणाऱ्यांत शाळकरी मुलेही होती.

दोन निराळे प्रश्न

या वादात दोन निराळ्या गोष्टींची नेहमी गल्लत होते. गुन्ह्याची बातमी द्यावी की नाही, ही एक गोष्ट. गुन्ह्याचे चित्र दाखवावे की नाही, ही दुसरी. पहिल्या प्रश्नाचे उत्तर लोकशाही राज्यात एकच असू शकते. गुन्हा कोठे घडला, कोणावर संशय आहे, पोलिसांनी तक्रार केव्हा घेतली, वेळेवर घेतली की नाही, हे जाणून घेण्याचा नागरिकांना अधिकार आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र त्यातून आपोआप निघत नाही.

मस्साजोगच्या हत्येतील क्रौर्याचा तपशील दोषारोपपत्रात शब्दांत नमूद होता. अपहरण कोठून झाले, कशाने मारले, किती वेळ मारले, हे सर्व वृत्तपत्रांना लिहिता येत होते आणि काहींनी ते संयमाने लिहिलेही. छायाचित्रांचे खरे स्थान न्यायाधीशांसमोरील पुराव्यात आहे. सर्वोच्च न्यायालयाने २० जानेवारी २०२३ रोजी सौरव दास विरुद्ध भारत सरकार या प्रकरणी असा निर्णय दिला आहे की, दोषारोपपत्र हा सार्वजनिक दस्तऐवज नव्हे आणि तो संकेतस्थळावर सर्वांसाठी खुला करण्याचे बंधन शासनावर घालता येणार नाही. आरोपी, बळी पडलेली व्यक्ती व साक्षीदार यांच्या हक्कांना त्यामुळे बाध येऊ शकतो, हे त्यामागील एक कारण होय. मस्साजोगच्या छायाचित्रांना हा निर्णय लावून पाहिला, तर ती ज्यांच्या ताब्यात कायदेशीररीत्या होती अशांची संख्या फार मोठी नव्हती, एवढे तरी लक्षात येते.

नानावटी खटला आणि नंतर

छापील माध्यमांच्या काळातही महाराष्ट्राने हा अनुभव घेतला आहे. २७ एप्रिल १९५९ रोजी मुंबईत घडलेल्या खुनाच्या प्रकरणात नौदलाचे अधिकारी कमांडर नानावटी हे आरोपी होते. ‘ब्लिट्झ’ या साप्ताहिकाने त्यांची बाजू उघडपणे घेतली आणि प्रत्येक अंकात खटल्याचे नाट्य रंगविले. नऊ जणांच्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक अशा मताने आरोपी निर्दोष ठरविला. सत्र न्यायाधीशांना तो कौल मान्य होण्यासारखा वाटला नाही. त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठविले, तेथे जन्मठेप झाली आणि २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. भारतातील ज्यूरी पद्धत बंद होण्याचे कारण म्हणून हा खटला नेहमी सांगितला जातो. ते अर्धसत्य आहे. ज्यूरीविषयीची नाराजी त्याआधीपासूनच होती. तथापि वृत्तपत्रे वाचून आलेली ज्यूरी काय करू शकते, हे या खटल्याने दाखवून दिले.

पुण्यातील जोशी-अभ्यंकर हत्याकांडाचा धडा वेगळा आहे. १९७६ च्या प्रारंभापासून मार्च १९७७ पर्यंत दहा माणसे मारली गेली. दिवेलागणीनंतर पुण्याचे रस्ते ओस पडत. हा आणीबाणीचा काळ होता आणि वृत्तपत्रांवर नियंत्रणे होती. अधिकृत माहिती जेथे अपुरी असते तेथे अफवेला मोकळे रान मिळते, हे त्या काळात पुणेकरांनी अनुभवले. चौघा आरोपींना नोव्हेंबर १९८३ मध्ये येरवडा कारागृहात फाशी देण्यात आली. मर्यादा हवी असे म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट विसरता कामा नये. माहिती दडविल्याने भीती कमी होत नाही. ती वाढते, आणि तिला खोट्या तपशिलाचे खाद्य मिळते.

चित्र दाखविलेच पाहिजे, असे कधी घडते काय?

२९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे एका दलित कुटुंबातील चौघांची हत्या झाली. सुरुवातीच्या दिवसांत बहुतेक मोठ्या वृत्तपत्रांनी या घटनेकडे पुरेसे लक्ष दिले नाही. मृतदेहांची छायाचित्रे कार्यकर्त्यांच्या हातोहाती फिरली, लोक रस्त्यावर आले आणि त्यानंतर राज्याला, देशाला खैरलांजीचे नाव कळले. येथे चित्रांनी माध्यमांच्या मौनावर मात केली, हे मान्य केले पाहिजे.

असेच एक उदाहरण अमेरिकेतील आहे. १९५५ मध्ये मिसिसिपी राज्यात एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाची निर्घृण हत्या झाली. त्याच्या आईने शवपेटिका उघडी ठेवण्याचा आग्रह धरला आणि मुलाच्या विद्रूप झालेल्या चेहऱ्याचे छायाचित्र ‘जेट’ या नियतकालिकात छापून येऊ दिले. नागरी हक्कांच्या चळवळीला त्याने मोठी चालना मिळाली. परंतु तेथे निर्णय आईचा होता. तिने विचार करून, दुःख गिळून, काय दाखवावयाचे व का दाखवावयाचे हे ठरविले होते. मस्साजोगच्या कुटुंबाला असे कोणी विचारले नाही. तेवढ्या एका भेदाने दोन्ही घटना एकमेकींपासून फार दूर जातात. मृताच्या निकटच्या नातेवाइकांची स्पष्ट संमती आणि चित्रावाचून सत्य झाकले जाण्याची खरी भीती, या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या, तरच अपवाद मानता येईल. खैरलांजीत दुसरी गोष्ट निश्चितच होती. मस्साजोगच्या बाबतीत मात्र दोषारोपपत्र दाखल होऊन चुकले होते, तपास यंत्रणेने सर्व काही लिहून काढले होते आणि सत्य झाकले जाण्याचा धोका पूर्वीइतका उरला नव्हता.

राईनपाडा

भीषण चित्राचा आणखी एक परिणाम आहे, त्याची चर्चा वृत्तपत्रांच्या संपादकीयांत फारशी होत नाही. चित्राला गाव नसते आणि तारीख नसते. २०१८ च्या उन्हाळ्यात व पावसाळ्याच्या प्रारंभी मुले पळविणाऱ्या टोळ्या फिरत असल्याचे संदेश व्हॉट्सअॅपवरून पसरत होते. त्यांतील एक चित्रफीत मूळची कराचीतील बालसुरक्षेच्या प्रचारासाठी तयार केलेली होती. तिचा शेवटचा, खुलासा करणारा भाग कापून टाकण्यात आला होता. मालेगाव परिसरात ओळीने ठेवलेल्या मृत बालकांचे एक दृश्य फिरत होते. ती बालके २०१३ साली सीरियातील घौटा येथे विषारी वायूच्या हल्ल्यात मृत्यू पावलेली होती.

१ जुलै २०१८ हा रविवार होता आणि धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवडे बाजार भरला होता. सोलापूर जिल्ह्यातून आलेले, भिक्षुकीवर गुजराण करणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तेथे एस.टी. तून उतरले. त्यांच्यापैकी एक जण एका लहान मुलीशी बोलताना दिसला, एवढे निमित्त पुरले. जमावाने पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडले आणि तेथेच त्यांना मारून टाकले. त्या मारहाणीचीही चित्रफीत काढण्यात आली व तीही फिरली. त्याच रात्री मालेगावात अशाच संशयावरून जमावाच्या तावडीत सापडलेल्या एका कुटुंबाला पोलिसांनी मोठ्या शर्थीने वाचविले.

जी खोली गावाच्या कारभारासाठी बांधलेली, तीतच हे घडले, ही बाब पंचायत सदस्यांनी विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. भीषण दृश्य पाहून मनात जो संताप उसळतो, त्याला समोर कोणी तरी माणूस हवा असतो. गुन्हेगार सीरियात असो वा कराचीत, हाताशी सापडतो तो परगावचा भिक्षेकरी.

कायद्यातील तरतुदी

गुन्ह्याच्या वार्तांकनावर आज ज्या कायदेशीर मर्यादा आहेत, त्यांतील सर्वांत महत्त्वाची मर्यादा एका अर्थी महाराष्ट्राच्या भूमीतून आली. मार्च १९७२ मध्ये त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यातील, सध्याच्या गडचिरोली जिल्ह्यातील, देसाईगंज पोलिस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचा खटला चालला. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आरोपी पोलिसांची मुक्तता केली. १९७९ मध्ये चार विधिप्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर आंदोलन झाले आणि १९८३ साली फौजदारी कायद्यात सुधारणा करण्यात आली. त्याच सुधारणेने भारतीय दंड संहितेत कलम २२८-अ घालून बळी पडलेल्या स्त्रीची ओळख प्रसिद्ध करणे हा अपराध ठरविला. दैवदुर्विलास असा की, जिच्यामुळे हा कायदा झाला तिचे नाव मात्र त्या प्रकरणाचेच नाव होऊन बसले आणि आजही विधी महाविद्यालयांत ते घेतले जाते.

१ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ मध्ये आहे. तिचा भंग केल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास व दंड होऊ शकतो. बालकांच्या बाबतीत २०१२ च्या लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियमाचे कलम २३ अधिक तपशीलवार आहे. बालकाचे नाव, पत्ता, छायाचित्र, कुटुंबाची माहिती, शाळा, शेजार-परिसर यांपैकी काहीही प्रसिद्ध करण्यास ते मनाई करते. सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१८ रोजी निपुण सक्सेना प्रकरणी हे अधिक स्पष्ट केले. दूरान्वयानेही ओळख पटेल अशी कोणतीही माहिती देता येणार नाही, आणि बळी पडलेली व्यक्ती मृत असली तरी हे बंधन कायम राहते.

दूरचित्रवाणीला १९९५ च्या केबल टेलिव्हिजन अधिनियमाखालील कार्यक्रमसंहिता लागू आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यात वाहिन्यांनी केलेल्या थेट प्रक्षेपणाचा सीमेपलीकडून सूत्रे हलविणाऱ्यांना उपयोग झाला, असे सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑगस्ट २०१२ च्या कसाब निकालपत्रात नमूद केले, आणि त्या प्रक्षेपणाने कोणतेही सामाजिक हित साधले गेले नाही असा कठोर अभिप्राय दिला. २०१५ मध्ये दहशतवादविरोधी कारवाईच्या थेट प्रक्षेपणास मनाई करणारा नियम झाला. मुंबई उच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०२१ च्या निर्णयात गुन्ह्याचे नाट्यरूपांतर करून दाखविणे, तपास चालू असताना साक्षीदारांच्या मुलाखती घेणे, आरोपीचा कथित कबुलीजबाब प्रसिद्ध करणे यांपासून माध्यमांनी दूर राहावे असे सांगितले. माहिती व प्रसारण मंत्रालयाने ९ जानेवारी २०२३ रोजी वाहिन्यांना रक्त, मृतदेह व मारहाण यांची विचलित करणारी दृश्ये दाखवू नयेत अशी सूचना दिली. सूचना स्पष्ट होती. तिच्यानंतर दोन वर्षांनी ३ मार्चची सायंकाळ आली.

मुद्रित माध्यमांसाठी १९७८ च्या अधिनियमाखालील भारतीय वृत्तपत्र परिषद आहे. तिला समज देण्याचा, ताकीद देण्याचा व निर्भर्त्सना करण्याचा अधिकार आहे, दंडाचा नाही. तिला अधिक धारदार अधिकार द्यावेत अशी मागणी अधूनमधून होते. ज्यांना १९७५ ते १९७७ ही वर्षे आठवतात, ते या मागणीकडे सावधपणे पाहतील.

वाडी, आडनाव आणि बातमी

हे सर्व कायदे मोठ्या शहरांना डोळ्यांसमोर ठेवून केल्यासारखे वाटतात. कोकणात त्यांचा अर्थ निराळा होतो. रत्नागिरी जिल्ह्यातील गाव म्हणजे डोंगरउतारावर व खाडीकाठी विखुरलेल्या वाड्या. वाडी म्हणजे पुष्कळदा एकाच भावकीची दहा-पंधरा घरे, आणि वाडीचे नावही अनेकदा त्या भावकीच्या आडनावावरून पडलेले. अशा ठिकाणी ‘नववीत शिकणारी, अमुक वाडीतील’ एवढे शब्द छापले, की नाव छापण्याचे काही उरत नाही. बातमीदार प्रामाणिकपणे समजतो की आपण नाव वगळले. मंडणगडपासून राजापूरपर्यंत नऊही तालुक्यांत मात्र ती मुलगी कोणाची हे दुपारच्या एस.टी. आधी पोहोचलेले असते. कलम २३ मधील ‘शेजार-परिसर’ या शब्दाचे कोकणातील भाषांतर ‘वाडी’ असेच करावे लागेल. जिल्हा पत्रकांनी अशा बातमीत तालुक्यापलीकडे स्थळ देऊ नये, आणि आरोपी जर घरातलाच असेल तर त्याचेही नाव टाळावे, कारण त्याचे नाव देणे म्हणजे तिचेच नाव देणे होय.

दुसरी गोष्ट चाकरमान्यांची. २०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया आहेत. हाती कमावते पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईस जातात, त्याचे हे प्रतिबिंब. घराचे एक टोक गावी आणि दुसरे टोक मुंबईला, अशी येथील कुटुंबाची रचना आहे. पूर्वी अशुभ वार्ता तारेने येई आणि तारवाला ती शेजारच्या जाणत्या माणसाच्या हाती देई. पत्रपेटीत कोपरा फाडलेले कार्ड पडले, तरी वाचणाऱ्याला सावरण्यास क्षणभर मिळे. महामार्गावरील अपघात असो वा खून, आज घटनास्थळी उभ्या असलेल्या कोणाच्या तरी मोबाइलमधून ते दृश्य वाडीच्या व्हॉट्सअॅप गटावर आणि तेथून मुंबईच्या मंडळाच्या गटावर जाते. पोलिसांनी नातेवाइकांना कळविण्यापूर्वी मुलाने वडिलांचे प्रेत पडद्यावर पाहिलेले असू शकते. यात कोणत्याही संपादकाचा हात नसतो. प्रसिद्धीमाध्यमांना मर्यादा सांगताना हे नवे प्रकाशक नजरेआड करून चालणार नाही.

राजापूरची घटना

मर्यादेचा विचार करताना रत्नागिरी जिल्ह्याला आणखी एक गोष्ट आठवणे भाग आहे. आद्य मराठी पत्रकार बाळशास्त्री जांभेकर यांचे पोंभुर्ले हे गाव १९८१ पर्यंत याच जिल्ह्यात होते. ६ जानेवारी १८३२ रोजी त्यांनी ‘दर्पण’ सुरू केले. त्याच कोकणात, राजापूर येथे, ६ फेब्रुवारी २०२३ रोजी ‘महानगरी टाइम्स’चे पत्रकार शशिकांत वारिशे यांच्या दुचाकीला एका मोटारीने चिरडले. दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. रिफायनरी प्रकल्पाशी संबंधित त्यांची बातमी त्याच सकाळी प्रसिद्ध झाली होती. पोलिसांनी पुढे या प्रकरणी खुनाचा गुन्हा नोंदविला.

वारिशे यांच्या त्या बातमीत रक्ताचा थेंबही नव्हता. तिच्यात कोणाची छबी कोणाबरोबर झळकते आहे, एवढेच होते. भीषणतेवर मर्यादा घाला असे म्हणताना, ती मर्यादा नाव घेण्यावर, प्रश्न विचारण्यावर, पोलिसांच्या दिरंगाईवर बोट ठेवण्यावर येऊन बसणार नाही, याची दक्षता शासकीय अधिकाऱ्यांनी प्रथम घेतली पाहिजे. ‘असे छापू नका, लोक बिथरतील’ हे वाक्य अनेकदा भीषण चित्राविषयी उच्चारले जाते आणि हेतू मात्र गैरसोयीच्या मजकुराविषयी असतो.

घटनास्थळी

छायाचित्र वृत्तवाहिनीपर्यंत पोहोचते ते कोणाकडून तरी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती व जप्तीचे दृकश्राव्य चित्रण करणे बंधनकारक झाले आहे, आणि ते मोबाइलवरही करता येते. सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी येऊन पुरावे गोळा करावयाचे व त्याचेही चित्रण व्हावयाचे आहे. पुराव्याच्या दृष्टीने ही सुधारणा स्वागतार्ह आहे. परंतु तिचा अर्थ असाही होतो की, यापुढे प्रत्येक गंभीर गुन्ह्याची पूर्वी कधी नव्हती एवढी दृश्ये शासकीय यंत्रणेच्या हातीच तयार होतील.

सर्वोच्च न्यायालयाने १३ सप्टेंबर २०२३ रोजी, मुंबईतील पोलिस चकमकींवरून उद्भवलेल्या जुन्या प्रकरणातच, पोलिसांनी माध्यमांना माहिती कशी द्यावी याची नियमावली तीन महिन्यांत तयार करण्याचा आदेश केंद्रीय गृह मंत्रालयाला दिला. तपास चालू असताना काय सांगावे, कोणी सांगावे, हे त्यात ठरावयाचे होते. गावपातळीवर मात्र कामाची सुरुवात त्याआधी होते. खबर मिळताच प्रथम पोहोचतात ते पोलिस पाटील, सरपंच, कधी जवळच्या शाळेचे मुख्याध्यापक. प्रेतावर चादर घालणे, गर्दी मागे हटविणे आणि पुढे केलेले मोबाइल खाली करावयास लावणे हे त्यांच्या अधिकारात नसले तरी आवाक्यात असते. पंच म्हणून बोलावलेल्या गृहस्थाने स्वतःच्या मोबाइलमध्ये काही टिपू नये, हे ठाण्याच्या अधिकाऱ्याने पंचनाम्यापूर्वीच बजावून ठेवणे इष्ट होय.

कलम १०५ खालील चित्रण विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवावयाचे असते. त्यानंतर कलम २३० प्रमाणे दोषारोपपत्राच्या कागदपत्रांच्या प्रती आरोपीला आणि वकील नेमलेला असल्यास बळी पडलेल्या व्यक्तीलाही चौदा दिवसांत द्यावयाच्या असतात. चित्रण करणाऱ्या शिपायाच्या मोबाइलपासून न्यायालयाच्या कपाटापर्यंत प्रत्येक टप्प्यावर किती प्रती निघाल्या, कोणाच्या सहीने कोणाकडे गेल्या आणि मूळ मोबाइलमधून ते दृश्य केव्हा काढून टाकले, याची नोंद करावयास प्रत्येक ठाण्यात एक साधी नोंदवही पुरेशी आहे.